घरमालक बआल आणि दिमोनाचा मलिदा

माझी शाळासोबतीण अलिबागची, बेने इस्राएल या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातली. तिची आत्या साठच्या दशकात आईवडिलांबरोबर इस्राएलला गेली आणि नेगेवच्या वाळवंटातल्या दिमोना गावात स्थायिक झाली. दर दिवाळीला तिचा फोन येतो आणि फोनवर पालुपद एकच: "माझे गुडघे चालताहेत तोवर ये गं."

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी बायबलमधला जुना करार सलग वाचायला घेतला होता. त्यातली 'राजे' नावाची दोन पुस्तकं वाचताना एक गोष्ट राहून राहून खटकायची. एक राजा येतो, बआल देवाची वेदी पाडतो, अशेरा देवीचा खांब जाळतो. त्याचा मुलगा गादीवर बसतो आणि सगळं परत उभारतो. नातू ते पुन्हा पाडतो. अतिक्रमण हटाव मोहिमेसारखाच हा प्रकार. पाडलेलं इतक्यांदा परत उभं राहतं, म्हणजे ते कुणाला तरी हवं असणार. कोण होते ते लोक? आत्याचं आमंत्रण होतंच, त्यात हे कुतूहल मिसळलं आणि आम्ही दोघा नवरा-बायकोने सहा दिवसांचा बेत आखला. महिना फेब्रुवारीचा धरला, कारण 'तू बिश्वात' हा झाडांचा सण आत्याकडे करायचा होता.

दिवस पहिला: जेरुसलेम

विमानतळावरून जेरुसलेमला जलद रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत पोचलो. भाड्याने घेतलेली खोली जुन्या दगडी इमारतीत होती. किल्ली द्यायला खाली एक बाई उभ्या होत्या. फोनवर कुणाशी तरी बोलताना त्या दोन-तीनदा "बआली, बआली" म्हणाल्या. चारशे पानं ज्याच्या नावाने बोटं मोडलेली वाचली, तो देव असा जिन्याखालीच भेटावा! विचारलं, तर त्या हसत सुटल्या. हिब्रूत 'बआल' म्हणजे मालक, धनी. 'बआली' म्हणजे माझा नवरा. घरमालकाला म्हणतात 'बआल हबाइत'.

मी यांच्याकडे बघितलं. आमच्या आजीच्या तोंडी आजोबांसाठी 'मालक' हाच शब्द होता.

तेव्हा बआल हे मुळात विशेषनाम कमी आणि पदवी जास्त. पावसाचा, वादळाचा धनी. होशेय संदेष्टा तर म्हणतो की असा दिवस येईल, जेव्हा इस्राएल आपल्या देवाला 'इशी' म्हणेल, 'बआली' म्हणणार नाही. अर्थ दोन्हींचा 'माझा नवरा' असाच. म्हणजे तोवर लोक त्या देवाला, याहवेलाही 'बआल' म्हणत असणार. शौल राजाच्या मुलाचं नाव एश्बआल होतं. नंतरच्या कुण्या लेखनिकाला ते सोसवलं नाही म्हणून दुसऱ्या पुस्तकात त्याचं 'ईश्बोशेथ' झालं. 'बोशेथ' म्हणजे लाज. नाव बदलून इतिहास धुऊन काढायची खोड जुनीच म्हणायची.

संध्याकाळी महाने येहुदा बाजारात गरम 'सहलब' प्यायलो: दाट दूध, वर दालचिनी, खोबऱ्याचा कीस आणि शेंगदाणे. फेब्रुवारीतल्या जेरुसलेमला चांगली थंडी असते आणि पाऊसही असतो. आपल्याकडून जाणारे वाळवंटाच्या कल्पनेने सुती कपडे भरतात. आम्हीही तेच केलं. स्वेटर आणि छत्री दोन्ही न्या.

दिवस दुसरा: इस्राएल म्युझियम आणि जहन्नम

म्युझियमच्या वेळा दर वाराला वेगळ्या असतात, त्या आधी बघून ठेवा. पुरातत्त्व विभागाला किमान तीन तास द्या. आम्ही चार दिले आणि तेही अपुरे पडले.

पहिल्यांदा भेटल्या मातीच्या बायका. वीतभर उंचीच्या, खालचा भाग सरळसोट खांबासारखा, दोन्ही हात भरल्या स्तनांखाली. यहूदाच्या, म्हणजे जेरुसलेमभोवतीच्या दक्षिणेकडच्या राज्यात अशा सुमारे हजार बाहुल्या मिळाल्या आहेत. काळ बहुतांशी इ. स. पू. आठवं-सातवं शतक, आणि देवळांपेक्षा घरांतूनच जास्त. खुद्द जेरुसलेमात, जिथे राजा आणि पुरोहित मूर्ती फोडत होते तिथे, त्यांची संख्या मोठी आहे. कित्येकींची डोकी साच्यातून वेगळी काढून, खाली खुंटी ठेवून धडात बसवलेली. काचेपुढे उभी राहून मला आमच्या घरच्या गौरीचे मुखवटे आठवले. अर्थात आठवण हा पुरावा नव्हे. या बाहुल्या म्हणजे अशेरा देवी, की बाळंतिणीची राखण, की आणखी काही, यावर अभ्यासक अजून भांडत आहेत. कुणाच्याही पाठीवर नाव कोरलेलं नाही.

नाव कोरलेला दगड पुढे आहे. हेब्रोनजवळच्या खिर्बेत एल-कोम इथल्या थडग्यातला, इ. स. पू. आठव्या शतकातला. उरीयाहू नावाच्या माणसाला याहवेचा आशीर्वाद असो, आणि 'त्याच्या अशेरा'ने त्याला शत्रूंपासून सोडवलं, अशा अर्थाचा मजकूर आहे. खाली मनुष्याच्या पंजाची खोल आकृती. असाच मजकूर सिनाईतल्या कुंतिलेत अज्रूद इथे १९७५-७६ च्या उत्खननात मोठ्या रांजणांवर मिळाला: "शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा", "तेमानचा याहवे आणि त्याची अशेरा". ते अवशेष नंतर इजिप्तला परत गेले, त्यामुळे प्रत्यक्ष बघायला मिळाले नाहीत.

इथे माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षिकेला मेजवानी आहे, कारण सगळा वाद एका प्रत्ययावर अडलाय. हिब्रूत 'त्याची' हा प्रत्यय व्यक्तीच्या नावाला सहसा लागत नाही. म्हणून काही जण म्हणतात की ही देवी नव्हे, देवळातला लाकडी खांब, देवीची खूण. दुसरे म्हणतात, खूण कुणाची? देवीचीच ना? मला मात्र आधीचा शब्द जास्त आवडला. शोमरोन ही उत्तरेच्या राज्याची राजधानी, तेमान दक्षिणेकडचा मुलूख. शोमरोनचा याहवे, तेमानचा याहवे. पंढरपूरचा, देहूचा म्हणावं तसं. पुस्तकात एकच एक असलेला देव लोकांच्या तोंडी गावागावाचा झाला होता.

तानाख इथे सापडलेलं मातीचं चौमजली धूपपात्र यांना हलू देईना. इ. स. पू. दहाव्या शतकातलं. तळमजल्यावर उघडी स्त्री दोन सिंहांचे कान धरून उभी. एका मजल्यावर झाड आणि त्याला लागलेल्या दोन रानबकऱ्या. सगळ्यात वर पाठीवर सूर्यबिंब घेतलेलं जनावर. कुणी त्याला वासरू म्हणतं, कुणी घोडा. आणि मधल्या एका मजल्यावर दोन पंखवाल्या राक्षसी प्राण्यांच्या मध्ये काहीच नाही. मोकळी जागा. काही अभ्यासकांच्या मते तिथे बसलाय तो न दिसणारा याहवे. मला हे पटावंसं वाटतं, कारण कुंभाराने ती जागा फार निगुतीने मोकळी ठेवली आहे.

दुपारी पायी हिन्नोमच्या दरीत उतरलो. हिब्रूत 'गे हिन्नोम'. यिर्मया संदेष्टा सांगतो की इथे 'तोफेत' नावाच्या जागी लोक आपली मुलं अग्नीत अर्पण करत. त्या नावाने एवढी दहशत बसली की पुढे ते नरकाचंच नाव झालं, आणि अरबी-फारसीतून फिरत आपल्याकडे 'जहन्नम' होऊन आलं. लहानपणी "जहन्नममध्ये जा" ऐकलं होतं. आता जाऊन आले. हिरवळ आहे, ऑलिव्हची झाडं आहेत, पोरं पतंग उडवत होती. तोफेतचा मागमूस उत्खननात अजून मिळालेला नाही. उलट दरीच्या कडेलाच १९७९ साली थडग्यातून चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यांवर "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो" या वळणाचा मजकूर, इ. स. पू. ६०० च्या सुमाराचा. बायबलमधला इतका जुना मजकूर दुसरीकडे कुठे मिळालेला नाही. आणि वापर काय, तर गळ्यातला ताईत!

दिवस तिसरा: लाखीश, आणि एक बंद फाटक

भाड्याच्या गाडीने सकाळी निघालो. लाखीश हे यहूदाचं जेरुसलेमखालोखालचं शहर. २०१६ मध्ये त्याच्या वेशीतल्या एका दालनात छोटं देवस्थान उघडकीला आल्याचं जाहीर झालं. दोन वेद्या मिळाल्या, त्यांच्या कोपऱ्यांवरची 'शिंगं' मुद्दाम तोडलेली. आणि गाभाऱ्यात चक्क शौचालयाचा दगड, मध्ये भोक पाडलेला. 'राजे'च्या दुसऱ्या पुस्तकात येहू राजा शोमरोनमधलं बआलचं देऊळ पाडून तिथे शौचकूप करतो, ते वाचलं होतं. मी ते अलंकारिक समजले होते. गंमत अशी की तपासणीत तो दगड कधीच वापरला गेला नसल्याचं दिसलं. विटाळ करायला तो तिथे असणं पुरेसं होतं. पुष्कळ अभ्यासक हे काम हिज्कीया राजाच्या, जेरुसलेमबाहेरची देवस्थानं मोडायच्या सुधारणेशी जोडतात.

हे दगडावर बसून बराच वेळ हसत होते. मला हसू येईना. त्या वेशीतून रोज आत-बाहेर करणाऱ्या बाईचा विचार येत होता. काल इथे दिवा लावला, नारळ नाही तर निदान मूठभर पीठ ठेवलं, आणि आज इथे हे.

लाखीशला आम्ही इतके रमलो की तेल अरादला पोचायला सव्वातीन वाजले. ('तेल' म्हणजे प्राचीन वस्तीचं टेकाड. पाटी वाचून यांनी पेट्रोल पंप आला असं जाहीर केलं.) फाटकावरचा मुलगा नम्रपणे म्हणाला की बंद व्हायच्या तासभर आधी प्रवेश थांबतो. थंडीच्या दिवसांत ही ठिकाणं चारला बंद होतात आणि शुक्रवारी त्याहून लवकर. चूक आमचीच, माहितीपत्रक पिशवीत होतं. तुम्ही जाल तेव्हा एका दिवशी एकच टेकाड ठेवा, फार तर दोन. शुक्रवार दुपार ते शनिवार संध्याकाळ बस-रेल्वे जवळजवळ बंद असते, तेव्हा गाडी नसेल तर शब्बाथला जिथे असाल तिथेच राहायची तयारी ठेवा.

अंधार पडता पडता दिमोनात शिरलो. तिसऱ्या मजल्यावरून हाक आली, "आलीस गं बाय? किती तो उशीर!" वाळवंटात, चार मजली एकसारख्या इमारतींच्या रांगेत, अस्सल अलिबागी हेल. जेवायला नारळाच्या दुधातली कोंबडी, भात आणि सोलकढी. मांसाबरोबर दूध-दही चालत नाही हा त्यांचा नियम, त्यामुळे सगळा भार नारळावर. "कोकणात होतो म्हणून निभावलं," आत्या म्हणाली. कोकमं मैत्रिणीने पाठवलेली, आमच्याच बॅगेतून.

दिवस चौथा: अराद आणि मलिदा

सकाळी आठला फाटकाशी हजर. कालचा मुलगा बघून हसला. रात्री पाऊस पडून गेला होता आणि अरादकडे येताना उत्तर नेगेवच्या माळावर लाल फुलांचे ताटवे दिसले. 'कलानित' म्हणतात, साधारण याच दिवसांत फुलतात.

या सफरीत एकच जागा बघता येईल असं कुणी म्हटलं तर मी अराद सांगेन. यहूदाच्या राज्याची ही दक्षिणेची गढी. १९६०च्या दशकात योहानान अहारोनी यांनी इथे उत्खनन केलं तेव्हा तटाच्या आत याहवेचं देऊळ निघालं. आवारात न घडवलेल्या दगडांची वेदी, मग आडवं दालन, मग दोन-तीन पायऱ्या चढून चिमुकला गाभारा. इथल्याच एका खापरावर 'याहवेचं घर' हे शब्द मिळाले. ते जेरुसलेमचं मंदिर असावं असं बहुतेकांचं मत आहे. नियम असा की मंदिर एकच, जेरुसलेममधलं. आणि इथे राजाच्याच किल्ल्यात, राजाच्याच सैनिकांसाठी दुसरं!

गाभाऱ्यात उभा दगड आहे. एक की दोन, यावर वाद आहे. त्यावर तांबड्या रंगाचे अंश सापडले होते. मी न राहवून यांना म्हटलं, "शेंदूर." ते म्हणाले, "तुला सगळीकडे म्हसोबा दिसतोय." दिसत होता खरा. पायरीवर दोन छोट्या धूपवेद्या, त्यांच्या डोक्यावर काळा जळका थर. (इथे प्रतिकृती आहेत, मूळ वेद्या म्युझियममध्ये.) २०२० मध्ये त्या थराची रासायनिक तपासणी प्रसिद्ध झाली. मोठ्या वेदीवर जनावराच्या चरबीत मिसळलेला ऊद. धाकटीवर गांजा, आणि तो मंद जळावा म्हणून त्यात जनावराचं शेण. गोवरीवर गांजा! म्हणजे याहवेच्या गाभाऱ्यात धुंदी आणणारा धूर होता, आणि पवित्र शास्त्रात त्याचा उल्लेख नाही.

या वेद्या कुणी फोडल्या नाहीत. आडव्या निजवून, वर माती टाकून झाकल्या. लाखीशला विटाळ, इथे दफन. राजाचा हुकूम दोन्हीकडे एकच असेल, तर इथल्या पुरोहिताचा हात आतून थरथरला असावा, असं मला वाटतं. एवढ्या दूरच्या गढीत तपासायला कोण येणार होतं?

घरी आलो तर आत्या पोहे भिजवत होती. तू बिश्वात त्याच संध्याकाळी सुरू होत होता. बेने इस्राएलांसाठी हा एलियाहू हन्नाबीचा उरूस. अलिबागेजवळ खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे अशी त्यांची श्रद्धा. मोठ्या ताटात मलिदा, म्हणजे पोहे, खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा. भोवती केळी, खजूर, सफरचंदं, संत्री. मधोमध सब्जाची डहाळी आणि धूप. बिल्डिंगमधली आठ-दहा माणसं जमली. हिब्रू गाणं, मराठी गप्पा. त्यांचा उच्चार 'हन्नाबी', इथल्या बाकीच्यांचा 'हनावी'. आत्याचा नातू तिला दर वेळी सुधारतो आणि ती दर वेळी दुर्लक्ष करते.

आणि हा एलियाहू कोण? तोच एलीया संदेष्टा, ज्याने कर्मेल डोंगरावर बआलच्या ४५० संदेष्ट्यांना आव्हान दिलं. बआलचा सगळ्यात मोठा वैरी कोकणात पोह्यांचा नैवेद्य घेतो!

मी आत्याला यिर्मयाच्या ४४व्या अध्यायाबद्दल विचारलं. जेरुसलेम पडल्यावर इजिप्तला पळालेल्या लोकांना यिर्मया रागावतो की तुम्ही परक्या देवांची पूजा केलीत म्हणून हे ओढवलं. तेव्हा बायका त्याला तोंडावर उत्तर देतात. आकाशाच्या राणीला धूप दाखवत होतो तेव्हा पोटभर भाकरी होती. ते बंद केलं तेव्हापासून सगळ्याची वाण. आणि आमच्या नवऱ्यांना ठाऊक असल्याशिवाय का आम्ही तिच्या पोळ्या केल्या? त्याच पुस्तकात आधी वर्णन आहे की पोरं लाकडं गोळा करतात, बाप विस्तव पेटवतो, बाया पीठ मळतात. अख्खं घर कामाला लागलेलं.

आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझी आजी शब्बाथला चूल पेटवायची नाही, शनवार तेल्याची बाई ती, शनवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांतली. पण घरात पोराला देवी निघाल्या, की शेजारणीबरोबर तीही दहीभात काढून ठेवायची. नवस नव्हे गं, भीती. आजोबा बघायचे नाहीत."

"बघायचे नाहीत म्हणजे?"

"म्हणजे दुसरीकडे बघायचे."

मग तिने १९६४ची गोष्ट सांगितली. बेने इस्राएल खरे यहुदी आहेत की नाहीत, त्यांच्याशी लग्नं लावावीत की नाहीत, असा प्रश्न इथल्या धर्मपीठाने काढला होता. समाज जेरुसलेमला जाऊन धरणं धरून बसला आणि शेवटी संसदेने ते सर्व बाबतींत यहुदी असल्याचा ठराव केला. "दहीभाताचं तिकडे सांगितलं नाही हं कुणी," आत्या म्हणाली आणि माझ्या ताटलीत आणखी मलिदा वाढला.

दिवस पाचवा: कर्मेल

निघताना आत्याने ताटातले खजूर आणि बदाम डब्यात भरून दिले. "ओला मलिदा टिकायचा नाही. हे अलिबागला भाचीला दे."

वाटेत बीर शेबा. इथली मोठी शिंगांची वेदी फोडून तिचे दगड कोठाराच्या भिंतीत चिणलेले १९७३ मध्ये सापडले, त्यातल्या एकावर साप कोरलेला. आम्ही पाऊण तासात उरकलं; अराद बघितल्यावर इथे लांबायचं कारण नाही.

मग उत्तरेला तीन तास. कर्मेलच्या मुहराका शिखरावर ख्रिस्ती मठ आहे आणि अंगणात तलवार उगारलेल्या एलीयाचा पुतळा. पायाखाली बआलचा पडलेला माणूस. गच्चीवरून सगळं यिज्रेलचं खोरं दिसतं म्हणतात. आम्हाला धुकं दिसलं आणि मग असा पाऊस कोसळला की छत्री उलटी झाली.

पण ही गोष्ट पावसात ऐकण्याचीच आहे. मुळात भांडण पावसाचं होतं. तीन वर्षं दुष्काळ. पाऊस कुणाच्या हातात, बआलच्या की याहवेच्या? एलीया बआलच्या संदेष्ट्यांची टर उडवतो: मोठ्याने ओरडा, झोपला असेल, नाही तर प्रवासाला गेला असेल. सीरियातल्या उगारित इथे १९२९ पासून मिळालेल्या मातीच्या पाट्यांत बआलची कथा आहे. त्यात बआल खरंच मरतो, जमीन करपते, आणि मग तो परत येतो. म्हणजे एलीयाचा टोमणा नेमका वर्मावर बसणारा होता. आणखी एक: आमंत्रण अशेराच्या ४०० संदेष्ट्यांनाही होतं. बआलचे कापले गेले, त्या ४०० जणांचं काय झालं हे सांगायचंच राहून गेलंय. अभ्यासकांनी यावर खूप लिहिलंय. माझ्यापुरतं मी ठरवलं की तेही तेवढा वेळ दुसरीकडे बघत होते.

खाली दालियत अल-कर्मेल हे द्रुझ लोकांचं गाव. उलट्या कढईवर पातळ रोटी भाजणाऱ्या एका बाईंच्या टपरीत अंग सुकवलं. रोटीत लबने नावाचा दह्याचा चक्का, झातर आणि ऑलिव्हचं तेल. तेल इतकं तिखट होतं की घशात ठसका लागला. बाई अभिमानाने म्हणाल्या, "बआल!" मी दचकले. त्यांच्या मुलाने समजावलं: पाटाचं पाणी न देता नुसत्या पावसावर वाढलेल्या झाडाचं, शेताचं पीक म्हणजे 'बआल'. अरबीतही हाच शब्द आणि हिब्रूतही. आपलं जिरायत. एलीयाच्या पुतळ्यापासून चार किलोमीटरवर बआल अजून पाऊस पाडतोय आणि बाटलीतून विकलाही जातोय. घेतलं एक लिटर.

दिवस सहावा: दान

अगदी उत्तरेला, यार्देन (जॉर्डन) नदीच्या एका उगमापाशी तेल दान. पाणी एवढ्या जोरात वाहतं की बोलायला ओरडावं लागतं. लॉरेलची गर्द झाडी, शेवाळलेले दगड, पायाखाली चिखल. बूट चांगले हवेत. माझी चप्पल इथेच कामातून गेली.

शलमोनानंतर राज्य फुटलं. उत्तरेच्या यराबाम राजाने लोकांनी जेरुसलेमला जाऊ नये म्हणून बेथेल आणि दान इथे सोन्याचं एकेक वासरू बसवलं आणि म्हणाला, तुम्हाला मिसरातून काढणारा देव हाच. बायबलला हे महापाप वाटतं. पण आज पुष्कळ जण मानतात की वासरू हा देव नव्हताच, न दिसणाऱ्या याहवेचं आसन किंवा वाहन होतं. म्युझियममध्ये इ. स. पू. बाराव्या शतकातला कांस्याचा छोटा वशिंडाचा बैल पाहिला होता, तेव्हा यांनी नंदी म्हणून हातच जोडले होते. एवढ्यावर मी गप्प बसले, कारण नंदीपुढे पिंड असते आणि या बैलावर कोण होतं ते सांगायला कुणी उरलेलं नाही.

अव्राहाम बिरान यांनी १९६६ पासून इथे कित्येक वर्षं खणलं. उंच दगडी चौथरा, रुंद पायऱ्या, आणि मोठ्या वेदीच्या जागी आता तिच्या आकाराची लोखंडी चौकट उभी केली आहे. इथेच मिळालेल्या ग्रीक आणि अरामी लेखात, कित्येक शतकांनंतर, कुणी झोइलोस नावाचा माणूस "दानमध्ये असलेल्या देवाला" नवस फेडतो. देवाचं नाव नाही. दानमधला, एवढं पुरे.

वेशीपाशी पाच उभे दगड आहेत, उंची गुडघाभर, अनघड, एका ओळीत. योशीया राजाने वेशींवरची देवस्थानं पाडली असं 'राजे' सांगतं. ही त्याच्या हद्दीबाहेरची, म्हणून की काय, उरली. शाळेची सहल आली होती. गुरुजी पुढे काही सांगत होते, मागच्या दोन मुली त्या पाच दगडांपुढे वाकून त्यांना एकेक करून बोट लावत होत्या. मीही लावलं. ओले होते.

परतीच्या रात्री विमानतळावर सुरक्षेच्या मुलीने ठरावीक प्रश्न विचारले. बॅग कुणी भरली? कुणी काही दिलं का? दिलं, म्हटलं, आणि खजुराचा डबा उघडला. हे काय? "एलियाहू हन्नाबीचं आहे."

तिने मान वर केली. "हन्नाबी?"

मग शेजारच्या सहकाऱ्याकडे वळून हसत हसत हिब्रूत काहीतरी भराभर बोलली. मला त्यातला एकच शब्द कळला. बआली. तिने एक खजूर मागून घेतला आणि डबा बंद करून माझ्या हातात दिला.